नऊ टेराबाइटांची जागा

यानागिदा : ...ते नंतर बोलू, कुवाबारा-सान. आधी तो खोका टेबलावरून उचला. मी काही केलेलंच नाही, तर ही कारुकानची मिठाई कसली खातोय.

कुवाबारा : असं कसं? संगणक केंद्रातली सगळी साठवण तुम्हीच बघता. तुमच्याशिवाय कोण करणार?

यानागिदा : केलं काय ते तर सांगा.

कुवाबारा : सात आठवडे मी दवाखान्यात आडवी होते. बाळ वेळेआधीच यायला निघालं होतं, डॉक्टर पाय खाली टेकू देत नव्हते. फोन बंद करून नवऱ्याकडे दिलेला, मेल कुठली बघतेय. बाळ नीट आलं, आणि तिसऱ्या दिवशी पडल्या पडल्या आठवलं, आपलं सगळं काम तात्पुरत्या जागेत राहिलंय.

यानागिदा : आणि तिथे तीस दिवस हात लावला नाही की मशीन आपणहून पुसून टाकतं.

कुवाबारा : काल धीर करून लॉगिन केलं. जागा रिकामी. साकुराजिमा ज्वालामुखीचे बारीक हादरे, यानागिदा-सान. अकरा महिने एकेक डोळ्यांनी शोधून मी खुणा केल्या होत्या. मूळ नोंदीही त्यातच, डोंगरावरच्या यंत्रांतल्या डिस्क केव्हाच पुन्हा वापरल्या गेल्या. मी रडतच बसले. मग नवरा म्हणाला, अगं, गटाच्या कायमच्या जागेत तुझ्या नावाचं फोल्डर दिसतंय. उघडलं तर सगळं जसंच्या तसं.

यानागिदा : मला मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. त्या फायलींना नुसता हात लावला असता तरी आणखी तीस दिवस मिळाले असते. पण या मशीनवर तीनशे माणसं काम करतात. एकाला सूट दिली की उरलेल्यांना कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? मी फक्त फोन करत राहिलो. तुमचा बंद. तुमच्या प्राध्यापकांच्या ऑफिसात कळलं की तुम्ही दवाखान्यात आणि प्राध्यापक परदेशात. सहा दिवस उरले होते.

कुवाबारा : पण गटाची कायमची जागा तर गच्च भरलेली. म्हणून तर मी तिकडे ठेवत होते.

यानागिदा : तेच. शेवटी तुमच्या गटातल्या ज्याचा नंबर सापडला त्याला लावला. ओनोदेरा-सानला.

कुवाबारा : ओनोदेराला?

यानागिदा : तासाभरात इथे हजर. खांद्यावर पडलेली डोंगराची राखही झटकली नव्हती. नऊ टेराबाइट, मी म्हटलं, आणि तुमच्याकडे जागा शून्य. ते तिथे, त्या खुर्चीवर बसले आणि स्वतःची यादी उघडली. उपसागरात लाटा कशा उसळतील याची त्यांची आकडेमोड आहे ना, दोन वर्षांची. यादी वरून खालपर्यंत एकदा वाचली. मग पुसायला लागले. मी म्हटलं, जरा थांबा, एकदा पुसलेलं परत येत नाही. तर म्हणाले, "कृती माझ्याकडे आहे. मशीननं केलेलं मशीन पुन्हा करेल. त्यांच्या डोळ्यांनी केलेलं कोण करणार?"

कुवाबारा : सगळं पुसलं?

यानागिदा : अकरा टेराबाइट. फक्त प्रोग्रॅम आणि सुरुवातीचे आकडे ठेवले. मग तुमचं हलवलं, आणि प्रत्येक फाईल मूळ फाईलशी ताडून पाहिली. दोन दिवस गेले. शरदातल्या सप्पोरोच्या परिषदेतून नावही मागे घेतलं, दाखवायला काही उरलंच नाही म्हणून. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते.

कुवाबारा : आणि मी गेल्या वसंतात त्यांना, सगळ्या गटाला आणि तुम्हालाही प्रत लावून...

यानागिदा : वाचली होती ती मेल. "एकानं घरभर पथारी पसरायची आणि बाकीच्यांनी दारात उभं राहायचं."

कुवाबारा : बस करा.

यानागिदा : तिसरा मजला, जिन्याजवळची खोली. खोका घेऊन जा.

(तिसरा मजला. ओनोदेराच्या खोलीचं दार उघडंच आहे. कुवाबारा खोका घेऊन आत येते.)

ओनोदेरा : यानागिदांच्या पोटात काही राहत नाही.

कुवाबारा : त्यांना बोल लावू नका. ओनोदेरा-सान, ती मेल मी लिहायला नको होती. आणि हे जे तुम्ही केलंत...

ओनोदेरा : मेल बरोबर होती. पुसायला बसलो तेव्हा कळलं, निम्म्या फायली कशासाठी ठेवल्या ते मलाच आठवेना. पथारीच होती.

कुवाबारा : उरलेल्या निम्म्या?

ओनोदेरा : त्या लागणार होत्या. पुन्हा चालवतोय. रांगेत आहे, चार महिने लागतील.

कुवाबारा : माझ्या वाट्याचे मशीनचे तास घ्या. वसंतापर्यंत मी अर्धवेळच येणार आहे, माझे सगळे पडून राहतील. यानागिदांना विचारून आलेय, गटातल्या गटात देता येतात. दोन महिन्यांत उरकेल.

ओनोदेरा : तुम्हाला लागले तर?

कुवाबारा : मला नाही लागत. माझं काम डोळ्यांचं. ते तुम्ही वाचवलंत. मी... खरंच, आभार कसे मानू कळत नाही.

ओनोदेरा : घेतो मग तास. आणि एक विचारू? नऊ टेराबाइट मी न उघडताच हलवलं. त्यात असतं काय, ते कधी पाहिलं नाही.

कुवाबारा : आत्ता दाखवते. सरका जरा. ही एका पहाटेची नोंद. इथे, या रेघेवर. डोंगर केसभर हलला.

ओनोदेरा : मला तर नुसती रेघ दिसतेय.

कुवाबारा : मलाही पहिले तीन महिने नुसती रेघच दिसायची. बसा, पुन्हा दाखवते.