लाट आधी वर जाते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आदरणीय संचालकसाहेब. आवर्जून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, माननीय मुख्याध्यापिकाबाई. ज्यांना निरोप द्यायचा आहे आणि द्यावासा मुळीच वाटत नाही त्या आमच्या ताई. माझे सहकारी, त्यांचे कुटुंबीय, आणि तिसऱ्या रांगेतून आत्तापासूनच घड्याळाकडे बोट दाखवणारी माझी बायको, सर्वांना नमस्कार.

माइक जरा खाली घेतो. हं. येतोय का आवाज? येतोय. एक घोट पाणी घेतो. माफ करा, आज पाय एका जागी ठरत नाहीत माझे. विभागात मला घाईराव म्हणतात ते काही उगाच नाही.

खिशात चार पानी भाषण आहे. बायकोनं दोनदा तपासून दिलंय. त्यात ताईंच्या कार्याचा गौरव आहे, दोन सुविचार आहेत, टाळ्या कुठे पडायच्या तेसुद्धा ठरलेलं आहे. पण मघाशी संचालकसाहेब आपल्या मनोगतात गमतीनं म्हणाले, "ताईंनी एकदा अख्खी लाटच उलटी करून दाखवली होती बरं का!" सभागृह हसलं. ताईसुद्धा हसल्या. तेव्हापासून ते भाषण काही मला वाचवत नाही. राहू दे खिशातच.

पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. आम्ही शाळांसाठी गणिताच्या फिल्म करतो. ताई पूर्वी वर्गात शिकवायच्या. फळ्यावरची वक्ररेषा मुलांना चालताना दिसली पाहिजे, या एका हट्टापायी त्या चाळिशीत हे सॉफ्टवेअर शिकल्या. आम्ही बाकीचे रेषा हातानं ओढायचो. इथे एक खूण, तिथे एक खूण, मधलं संगणक जुळवून घेतो. ताईंना ते चालायचं नाही. "अरे, ओढलेली रेषा नुसती दिसायला छान. सूत्र लिही, मग ती आपली आपण चालेल." त्या सूत्र टाइप करायच्या आणि काळ्या पडद्यावर एक ठिपका निघायचा, मागे उजेडाची रेघ सोडत. एकेक पाकळी करत फूल पुरं करायचा आणि निघाला होता बरोबर तिथेच परत यायचा. मी त्यावर चकाकी, सावली, पार्श्वभूमी असे थर चढवायचो. खोटं नाही सांगत, पहिल्यांदा ते फूल पुरं झालं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

तर ती लाट. वहीतल्या आलेखात आकडा वाढला की ठिपका वर जातो. आमच्या सॉफ्टवेअरची तऱ्हाच उलटी. तिथे पडद्याच्या वरच्या कडेपासून खाली मोजतात, म्हणून आकडा वाढला की ठिपका खाली. त्यावर इलाज म्हणून ताई सूत्रात एक वजाचं चिन्ह घालायच्या. साइनची लाट शून्यातून निघाली की आधी वर जाते, मग खाली येते. वजा काढलं तर ती आधी खाली जाते. दिसायला तीही लाट तितकीच सुंदर, हो! तिथेच तर घात झाला.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ताईंची आई दवाखान्यात, ताई आठवडाभर रजेवर. त्यांचं काम पुरं झालं होतं. थर चढवून शेवटची प्रत तेवढी विभागातल्या दुसऱ्या माणसानं काढायची होती. त्या शहाण्याला सूत्रातलं ते वजा फालतू वाटलं. ताई घाईत होत्या, चुकून राहिलं असेल, असं म्हणून त्यानं ते काढून टाकलं. लाट हलली, छान दिसली, प्रत शाळाशाळांत गेली.

महिन्याभरानं एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. "आमच्या बाई म्हणतात लाट आधी वर जाते. तुमच्या फिल्ममध्ये ती आधी खाली जाते. खरं कोणाचं?" सगळ्या प्रती परत मागवाव्या लागल्या. बैठक बसली. फाईलवर नाव ताईंचं. ताईंनी फाईल उघडली, सूत्राकडे पाहिलं, मग टेबलापलीकडच्या एका माणसाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बुटाची नाडी न्याहाळत होता. ताई म्हणाल्या, "माझी नजरचूक झाली."

संचालकसाहेब, तो माणूस मी.

ताई, हातानं "बस, बस" करू नका. अकरा वर्षं बसलोच आहे, आणि कुठे बसलोय तेही सगळ्यांना ठाऊक आहे. विभागप्रमुखाची खुर्ची त्या वर्षी ताईंची होती. त्या बैठकीनंतर नेमणुकीचं पत्र माझ्या नावानं निघालं. मी सगळ्यांना जेवण दिलं. ताई आल्या, अभिनंदन करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "ताई, मी साहेबांना सांगून टाकतो."

"बायकोला कितवा महिना?"

"आठवा."

"मग आत्ता नोकरी शोधत फिरणार आहेस का? नंतर सांग. तुला जमेल तेव्हा."

त्या "नंतर"ला ही अकरा वर्षं लागली. तेव्हा पोटात असलेली पोर आज पाचवीत आहे. ती बघा, आईशेजारी बसलीय.

त्यानंतर ताईंनी विभागात एक पद्धत घालून दिली. काम सुरू करण्याआधी प्रत्येकानं एक ठिपका वर न्यायचा. खरोखर वर गेला तरच पुढे जायचं. नव्या मुलांना वाटतं, ताई फार काटेकोर. रोज सकाळी माझ्या टेबलाजवळून जाताना त्या एवढंच विचारायच्या, "काय घाईराव, ठिपका वर नेलास का?" कधी टोमणा नाही, कधी आवाजात कडवटपणा नाही. अहो, एकदा तरी चार शिव्या घातल्या असत्या तर माझा जीव हलका झाला असता!

आजच का सांगतोय? भित्रा आहे म्हणून, दुसरं काय. पण उद्या ताई जातील आणि तो उलट्या लाटेचा विनोद मात्र इथेच राहील. आज हसलेली मुलं तो उद्याच्या मुलांना सांगतील. ज्या बाईनं आयुष्यात एक वजा चुकवलं नाही, तिची आठवण या इमारतीत अशी उरावी? मला नाही सहन होणार ते.

साहेब, खुर्चीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. सोमवारी सकाळी मी तुमच्या दारात उभा असेन. बायकोलाही यातलं काही माहीत नव्हतं. तिनं घड्याळ दाखवणं थांबवलंय, म्हणजे घरी गेल्यावर माझी धडगत नाही.

मुख्याध्यापिकाबाई, आपण आलात, मनापासून आभार. माइकवाल्या दादांचे आभार, मी त्यांची वायर तीनदा तुडवली. आणि ताई, तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. आज सकाळी ठिपका वर नेला होता, एवढंच सांगतो.

बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. ती एक चूक मात्र पोटात घालू नका, ती ताईंनी अकरा वर्षं घातली. इथून पुढे ती उलटी लाट माझ्या नावानं सांगा, आणि खुशाल हसा.