कुरणावरची हरकत

यॉर्कशरमधल्या आमच्या गावात, बसथांब्याच्या खांबावर कौन्सिलची नोटीस बांधली होती. रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या शेजारणी होत्या.

"या कुरणावर घरं बांधणार म्हणे, मेविस. मी हरकत घेणार."

"काय लिहिशील, एडना?"

"खिडकीतून कुरण दिसायचं बंद होईल."

"'दृश्य हरपणे हा विचारार्ह मुद्दा नाही.' मागे मी हरकत घेतली, तेव्हा मला असंच उत्तर आलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला काय दिसतं, याच्याशी त्यांना घेणं नाही."

"मग लिहिते, कुरणातल्या त्या ओकच्या झाडाखाली माझ्या नवऱ्याची, हर्बर्टची राख पुरली आहे."

"तेही धरत नाहीत गं."

"मग धरतात तरी काय?"

"वटवाघळं. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. झाडात वटवाघळं राहत असली, तर बांधकामाची परवानगी अडते."

बस दिसू लागली.

"रोज संध्याकाळी जाते मी तिथं, त्याच्याशी बोलायला. खालीच बघत असते. आज वर बघेन."