शरदाची बिअर आणि आईची सांदणं

नाही, पण मला आधी एवढं सांगा, शरद कुठाय? दाखवा ना मला. इथे इस्रायलात, पेताह तिक्वात, ऑगस्ट महिना, बसच्या दांड्याला हात लावला की चटका बसतो, संत्र्यांच्या बागा हिरव्या त्या हिरव्याच, एक पान पिवळं पडायला तयार नाही, आणि आमचे डॉक्टर लिलियन्थाल बिअरच्या बाटलीवर लेबल काय लावतात? तर तांबूस पानं गळताहेत, खाली एक बाई खांद्यावर शाल घेऊन बाकावर बसलीय, आणि मोठ्या हिब्रू अक्षरांत ‘सताव’. सताव म्हणजे शरद. अहो, त्या बाईला कोणीतरी सांगा, की बाई, शाल काढ, चक्कर येऊन पडशील! शरद म्हणे!

तुम्हाला सांगते, मी बी.एस्सी. मुंबई युनिव्हर्सिटीची. केमिस्ट्री घेऊन. सेकंड क्लास, पण फर्स्ट क्लास चार मार्कांनी हुकला, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. इथे आले कशाला? देश उभारायला. हसू नका. बोटीवर ओकाऱ्या काढताना सुद्धा मी समुद्राच्या पाण्यातलं मीठ कसं काढायचं त्याची टिपणं करत होते, म्हटलं वाळवंटाला पाणी लागेल, आपण देऊ. आणि देशानं मला नेमलं कुठे? बिअरच्या कारखान्यात. त्यात कुठे? बाटल्या धुण्याच्या खात्यात. का? तर माझ्या डिग्रीचा कागद जेरुसलेमला तपासणीसाठी गेलाय. गेलाय तो गेलाच, दोन वर्षं झाली. तोवर सकाळी बाटल्या धुवायच्या, आणि दुपारी डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत हंगामी मदतनीस म्हणून काचनळ्या धुवायच्या. बढती म्हणजे काय, तर भांडं लहान झालं.

पण डॉक्टरांनी शब्द दिला होता. नव्या वर्षाला ते माझी शिफारस करणार, मग मी केमिस्ट, आणि वर कविऊत. कविऊत म्हणजे नोकरी कायम, कोणी काढू शकत नाही. इथे माणसं देवाकडे आधी कविऊत मागतात आणि उरलं तर आयुष्य. आईनं तर शेजारणीला सांगूनही टाकलं, आमची जेमा कायम होणार. आणि कायम व्हायच्या नेमक्या आधी मध्ये कडमडला हा शरद!

आता बिअर कशी करायची ते ऐका, म्हणजे मला राग का येतो ते कळेल. जर्मनीत ही बिअर मार्चात घालतात, थंड तळघरात सहा महिने गप्प पडू देतात, आणि शरदात काढतात. सहा महिने! आमच्याकडे मार्चात थंड करायचं मशीन बिघडलेलं. एप्रिल गेला, मे गेला, मशीन दुरुस्त झालं जूनच्या अखेरीला. मग शहाण्या माणसानं काय करावं? यंदा राहू दे म्हणावं. पण नाही! सुक्कोतचा सण आलाय ना, लोक अंगणात मांडव घालून बाहेर जेवायला बसणार, तेव्हा प्रत्येक मांडवात शरद पोचला पाहिजे. म्हणून सहा महिन्यांची झोप सात आठवड्यांत उरकली. आणि बाटलीत भरल्यावर गरम पाण्यातून काढायची असते ना, यीस्ट मरावं म्हणून, तेही नाही. का? तर डॉक्टर म्हणतात, “म्यूनिकची बिअर उकडत नाहीत, गवेरेत. ती अंडी नव्हेत.” गवेरेत म्हणजे बाई. मी तेवीस वर्षांची आहे.

आणि यीस्टचा थाट काय सांगू! म्यूनिकहून विमानानं आलं, बर्फाच्या डब्यात बसून, सोबत दाखला. कुठल्या तळघरातलं, कोणाच्या हाताखालचं, शंभर वर्षांची वंशावळ. आठवड्यात सगळे कागद पास! आणि आमच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, पोरापोरींनी लग्न करायचं म्हटलं, की इथले धर्मगुरू, रब्बी, आजीची आजी ज्यू असल्याचा दाखला मागतात. माझ्या आजीची आजी रेवदंड्याला तेल गाळत होती हो, शनिवारी शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवत होती. तिचा दाखला कोण देणार, घाण्याचा बैल?

बरं, डॉक्टरांना त्याच म्यूनिकनं ज्यू म्हणून एका सुटकेसनिशी हाकलून दिलं, चौतीस साली. तरी तीस वर्षं हा माणूस त्याच गावचा शरद बाटलीत भरायला बघतोय. त्यांच्या टेबलावर त्या गावच्या झाडांचा एक फोटो आहे. तो बघितला की माझ्या रागाचं काय करायचं ते मला कळत नाही. म्हणून मी तो बिअरवर काढते.

तर चव घ्यायची समिती बसली. चार जणांची. एक स्वतः डॉक्टर. दुसरी ऑफिसातली शुला, ती डॉक्टर शिंकले तरी ‘उत्तम’ म्हणते. तिसरा गोदामाचा मेयर, रोमानियाहून आलेला, त्याला बिअर दोनच प्रकारची माहीत, भरलेली आणि संपलेली. आणि चौथी मी. मी का? तर डॉक्टर म्हणाले, “तुमच्या मुंबईत दारूबंदी, तेव्हा तुमची जीभ कोरी पाटी. मला एक कोरी पाटी हवीच होती.” मेयर मला बॉम्बेच म्हणतो. म्हणाला, “बॉम्बे, घाबरू नकोस, गिळायचं आणि सही करायची.”

चौघांच्या पुढे फॉर्म. रंग, फेस, वास, अंग म्हणजे दाटपणा, आणि शेवटी जिभेवर काय राहतं ते. रांगेत पाच चौकोन आणि खाली सही. चारही सह्या झाल्या की माल बाहेर. डॉक्टरांनी ग्लास असा उजेडाकडे धरला, डोळे मिटले, नाक आत घातलं, आणि म्हणाले, “सताव.” शुला म्हणाली, उत्तम. मेयरनं ग्लास संपवून दुसरा मागितला.

मी घेतला घोट. रंग होता तांबूस, नाही कशाला म्हणू, पितळेचं भांडं चिंचेनं घासल्यावर जे पाणी निघतं तो रंग. वास पावाच्या जळक्या कडेचा. आणि चव? गोड. गोड म्हणजे पावाच्या त्या जळक्या कडेला कोणी काकवी फासून दिलीय. मागून थोडा कडवटपणा येतो, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, आणि बसायला जागा नाही म्हणून परत जातो. माझ्या डोक्यात लगेच कॉलेजचं पुस्तक उघडलं. गोड का? साखर शिल्लक आहे म्हणून. साखर शिल्लक का? यीस्टनं काम पुरं केलं नाही म्हणून. मग यीस्ट कुठाय? आत आहे! जिवंत आहे! आणि बाहेर हमसीनचा गरम वारा सुटायचे दिवस… मी तिथेच म्हटलं, डॉक्टर, ही बिअर झालेली नाही. ही अजून होतेय. ही बाटलीत फुगेल.

शुलाचं ‘उत्तम’ तोंडातच राहिलं. डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, “गवेरेत जेमायमा, जिथे बिअर पिणं गुन्हा आहे त्या शहरातून तुम्ही आलात. तुम्हाला काय कळणार?” बघा, म्हणजे सही हवी तोवर माझी जीभ कोरी पाटी, आणि त्या पाटीवर काही उमटलं की पाटीच नापास! मग जरा मऊ आवाजात, “शिफारशीचं पत्र मला याच आठवड्यात लिहायचंय. तुम्ही घरी दोन बाटल्या न्या. शांतपणे चाखा. परवा सही करा.” कळलं ना तुम्हाला? सही केली तर केमिस्ट. नाही केली तर बाटल्या. शरद म्हणे!

घरी आणल्या. पपांनी एक उघडली. पपा मुंबईला रेल्वेच्या ऑफिसात, आयुष्यात दारूचं परमिट काढलं नाही, शुक्रवारी संध्याकाळी किद्दूशच्या प्रार्थनेला काळ्या मनुका भिजवून त्याचं सरबत, तेवढीच त्यांची दारू. एक घोट घेऊन म्हणाले, “खोकल्याचं आहे का?” आणि दुसरी बाटली आईच्या हाती लागली.

आता आईचं दुःख तुम्हाला ठाऊक नाही. आईचं दुःख म्हणजे सांदणं. रोश हशाना, म्हणजे आमच्या आईच्या भाषेत नव्याचा सण, त्याला तांदळाच्या रव्याची वाफवलेली सांदणं हवीतच. कोकणात ती ताडीनं फुगवायची. मुंबईला ताडीबंदी, तर आई सरकारी केंद्रावरून नीरा आणायची, गांधीटोपीवाल्याकडून, आणि खिडकीत एक दिवस उन्हात ठेवायची. सरकारला वाटे, बाई प्रकृतीला जपते. पण इथे ना ताडी, ना नीरा. बेकरीचं यीस्ट घातलं तर आई म्हणे पावाचा वास येतो. दोन सण आमची सांदणं बशीला चिकटून बसली. मुंबईची लोकं येत, एक उचलत आणि म्हणत, छान झालीय, चपाती. आई आत जाऊन रडायची.

तर मी दुसऱ्या दिवशी कामावरून येते, तो आई दारातच. चेहरा असा उजळलेला. “अगो जेमा, बघ तरी!” आणि पातेल्यावरचं फडकं काढलं. तुम्हाला सांगते, पीठ काठोकाठ वर आलेलं, जाळी पडलेली, बुडबुडे फुटताहेत, पातेलं जणू श्वास घेतंय. सकाळी कालवलेलं, सहा तासांत हे! म्हटलं, काय घातलंस? म्हणाली, “तुझं ते काय, शालवाल्या बाईचं. अर्धी बाटली. ताडीच आहे गो ती, नाव बदललेली.”

वाफवली. अशी टम्म. पांढरी नाहीत, जरा तांबूस, आणि शेवटी किंचित कडू, पण हलकी इतकी की पपांनी सात खाल्ली आणि मग सरबत मागितलं. आई मला सांगत होती, सणाला आता सगळ्यांना बोलावू, शोशानामावशीला किर्यात मलाखीहून बोलावू, तिनंच चपाती म्हटलं होतं. आणि मी? मी त्या सांदणाकडे बघत होते. झालेल्या बिअरनं पीठ फुगत नाही हो! फुगलं म्हणजे यीस्ट जिवंत. दोन वर्षांत मला इथे कोणी सूक्ष्मदर्शकाला हात लावू दिला नाही, आणि पुरावा आईनं चाळणीत वाफवून दिला.

तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. फॉर्म टेबलावर, तिघांच्या सह्या झालेल्या, पेन माझ्याकडे टोक करून ठेवलेलं. मी सांदण पुढे ठेवलं. डॉक्टरांनी खाल्लं. दुसरं खाल्लं. म्हणाले, फार नाजूक आहे, हे फुगवलं कशानं? म्हटलं, “तुमच्या शरदानं, डॉक्टर.”

चावता चावता थांबले. मग म्हणाले, “अशक्य.” मी म्हटलं, मी सही करणार नाही. पाहिजे तर एक पेटी बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा, चार दिवस. ते म्हणाले, “गवेरेत, प्रयोगशाळा मी चालवतो. स्वयंपाकघर तुमची आई चालवते.” आणि फॉर्म खणात टाकला. गेली कविऊत. बाटल्या धुताना मी काही रडले नाही, साबणच तिखट होता.

पण मेयर दाराशी उभा होता ना. त्यानं एक पेटी शेडमध्ये नेली. माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे, म्हणाला, “उरलेली सांदणं कुठायत?” आणि पाचव्या दिवशी हमसीन सुटला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग सगळी पेटी, असा आवाज, की सरहद्दीवरून आलेल्या एका म्हाताऱ्या कामगारानं सवयीनं टेबलाखाली बुडी मारली. शेडच्या भिंतीवरून तांबूस फेस ओघळतोय, आणि त्या फेसातून शालवाली बाई हळूहळू खाली सरकतेय. डॉक्टर आले. बघत राहिले. मेयर म्हणाला, “डॉक्टर, पानगळ.”

आता डॉक्टरांबद्दल एक खरं सांगायचं तर सांगते, माणूस सरळ. सगळा माल परत पिंपात ओतवला, पुन्हा थंड केला, गाळला, आणि बाटल्या गरम पाण्यातून काढल्या. उकडल्या, अंड्यांसारख्या. आणि मला बोलावून शिफारशीचं पत्र हातात दिलं. मी वाचलं. कविऊत! कायम! खाली हुद्दा: बाटल्या धुणे. म्हटलं, डॉक्टर, हे काय? म्हणाले, “केमिस्ट लिहिणार होतो. पण तुमचा जेरुसलेमचा कागद आला नाही. कागदाशिवाय मी काय लिहू?” यीस्टला आठवडा लागला होता. यीस्टला!

आणि पत्राच्या तळाशी, स्वतःच्या हातानं: दोष ओळखण्याची पद्धत, भारतीय, तांदळाची, यापुढे दर खेपेची एक बाटली मदतनीसाच्या मातोश्रींकडे पाठवावी.

तेव्हा नव्याच्या सणाच्या आदल्या दिवशी नवी बाटली आली, थाटात. आईनं पीठ कालवलं. शोशानामावशी पहाटेची बस पकडून आलेली, बशी घेऊन बसलेली. सहा तास झाले. आठ झाले. आईनं फडकं काढलं. पीठ होतं तिथेच, शांत, साधूसारखं. निर्दोष बिअर! इतकी निर्दोष, की तिच्यात काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं. पपांनी चाखली आणि म्हणाले, खोकल्याचं पहिलं बरं होतं.

वाफवली तरी. मावशीनं एक उचललं, उलटंसुलटं केलं. मग चटणी मागितली. आई माझ्याकडे बघतेय. मी म्हटलं, आई, मी खरं बोलले, अगो शेकडो माणसांच्या मांडवांत बाटल्या फुटल्या असत्या, कोणाचा डोळा गेला असता. आई म्हणाली, “कोण नाही म्हणतंय? खरं बोलायचं होतंस तर बोलायचंस. पण आधी एक पेटी घरी आणून ठेवायची, आणि मग बोलायचं.”

बी.एस्सी. झाले हो मी. सेकंड क्लास. हे सुचलं नाही. शरद म्हणे!