मंगलनं पळायचं कुठं?

…अवो, धुकं म्हंजी कसलं धुकं, दूध सांडावं आन् पुसायला कुणी नसावं तसलं, तोरण्याच्या उरावरनं उतरलं ते थेट वेल्ह्याच्या मैदानात येऊन बसलं, पाऊस म्हणावा तर पाऊस न्हाई, ऊन म्हणावं तर त्ये कुठंतरी वर हाय एवढंच कळायचं, आन् असल्या दिवसात भोर-वेल्ह्याच्या शाळांनी पळायच्या शर्यती ठिवलेल्या, आता तुमीच सांगा, शेजारी बसल्याल्या माणसाची टोपी दिसंना, तितं पळणारं पोर दिसायचं व्हय कुणाला? पण माझं गाऱ्हाणं धुक्याचं न्हाई. धुकं बिचारं गरीब असतं. माझं गाऱ्हाणं येवढंच, का त्या येवढ्या मोठ्या मैदानात माझ्या मंगलनं पळायचं कुठं?

तुमास्नी सांगतो, मंगल म्हंजी माझी नात. आता नात म्हणतोय, पण जल्मली तवा नातू म्हणून आख्ख्या आळीला पेढं वाटलं व्हतं, बारशाला नाव ठिवलं मानसिंग. पण मानसिंग म्हणून हाक मारली का ह्ये लेकरू इकडं तिकडं बघायचं, जणू पावण्यालाच बलावतोय कुणी. मग एक दिवस चुलीपाशी बसून म्हणालं, आबा, मी मंगल हाय. म्या हाक मारून बघितली, मंगल! तर काय सांगू, हातातली भाकर टाकून पळत आली. आता म्या काय शिकल्याला माणूस न्हाई, अंगठा उठवतो, पण ज्या नावाला ओ मिळती त्येच नाव खरं, व्हय का न्हाई? आळीतली सगुणाबाई म्हणाली, सोनबा, मग त्ये पेढं चुकलं की वो, पोरगी झाली तर बर्फी वाटायची आसती. म्या म्हणलं, म्हातारे, खाल्लंस तवा ग्वाड लागलं का न्हाई? झालं तर मग.

शाळंतबी तसंच. परकर घालून गेली, तर गुरुजींनी वरीसभर खिडकीतनं भाईर बघितलं, मग त्यास्नी सवय झाली. पोरींच्यात बसायची, पोरींच्यात डबा खायची, कुणाचं काय अडलं न्हाई. अडलं कुठं? तर पळण्यात. आदल्या साली शर्यतीत तिला पोरांच्या रेघेवर उभं केलं. शिट्टी वाजली, पोरं गेली धूळ उडवीत, आन् ही हाताची घडी घालून तितंच उभी. म्या इचारलं, का गं, पळाली का न्हाईस? तर म्हणती, आबा, मला कुणी बलावलंच न्हाई, मानसिंगला बलावलं. आन् पाय तर असलं, का वाऱ्याला वाट पुसावी लागंल. पर पळायचं कुठं?

म्हणून ह्या साली, कारगिलची लढाई झाली त्या साली, तिनं हट्टच धरला, पळीन तर पोरींच्या रेघेवर, न्हाईतर शाळंचं तोंड बघणार न्हाई. नुसती बोलायची न्हाई बरं का, दप्तर माळ्यावर टाकून बसली व्हती. शाळंच्या बाई म्हणाल्या, चला तर खरं, बघू तितं. आन् जायचं कशात, तर आमच्या शेजारच्या दिलावरच्या टेम्पोत. दिलावर म्हंजी लाख माणूस, आमच्या भिताडाला भीत हाय त्याची, आन् त्याची शाहीन मंगलच्याच वर्गात, पळण्यात आख्ख्या नसरापुरात पैली. दोघी एका पोत्यावर बसून गाणी म्हणत निघाल्या. पर विंझर मागं पडलं तसं दिलावर, गाडी चालवता चालवता, माझ्याकडं न बघता बोलला,

"काका, वाईट वाटून घेऊ नका. मंगल माझ्या लेकीवाणी हाय. पर हाडं पोराची हायती. माझी शाहीन वरीसभर फाटंचं उठून पळती. तिच्यावर अन्याव व्हायला नको. म्या तितं हरकत घेणार हाय."

म्या म्हणलं, घे बाबा. त्याचंबी खरं. लेक त्याची, फाटं उठून तिला पळाया सोडणारा बाप त्यो, त्यानं न्हाई बोलायचं तर कुणी बोलायचं? त्याचंबी खरं, आन् हिचंबी खरं. दोन खरी एका टेम्पोत बसलेली, आन् भाईर धुकं. गाडी कुठं चाललीया त्येच कळंना. झाडं यायची, थोडा येळ हुबी ऱ्हायची आन् निघून जायची… मला वाटलं, आपुन चालतच न्हाई, झाडंच नसरापूरला बाजाराला निघाल्यात.

बरं, मैदानात पोचलो. दिलावरनं हरकत घेतली. मग काय, ताडपत्रीखाली समदी शिकली-सवरल्याली बसली. एक शिट्टीवाले सर व्हते, गळ्यात शिट्टी, बोलता बोलता तोंडात घालायचे, मधीच वाजायची आन् कुठंतरी धुक्यात चार पोरं उगीच पळत सुटायची. सर म्हणायचे, नियमात दोनच रेघा आहेत, मुलांची आणि मुलींची. आमच्या बाई म्हणायच्या, सर, पण ती मुलगीच आहे, मनानं बघा. सर म्हणायचे, बाई, शर्यत मनानं पळतात का? मग बाई म्हणायच्या, मग कशानं पळतात? मग च्या यायचा. च्या झाला का पुन्यांदा पैल्यापासनं. एकानं सांगितलं, तिला पोरांत पळवा. दुसरा म्हणाला, गेल्या साली उभी ऱ्हायली. तिसरा म्हणाला, एकटीलाच पळवा, धा जणी पळाल्यागत धरू. आता एकटीलाच पळवायचं म्हंजी काय वो? एकट्या माणसाची कवा शर्यत आसती? आन् मंगल तिकडं रेघंच्या कडंला, पाय भिजवत, आमच्याकडं बघत. म्या मनातल्या मनात म्हणलं, देवा, येवढं मैदान केलंस, धुक्यात त्याचा शेवटबी दिसंना, आन् माझ्या मंगलनं पळायचं कुठं?

शेवटाला सरांच्या त्वांडावर उजेड पडला. म्हणाले, सापडलं! तिला मुलींच्यात पळू द्या, पण कच्चा लिंबू.

आता कच्चा लिंबू म्हंजी तुमास्नी ठावं हायच, धाकलं भावंड रडाय लागलं का त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, शिवू द्यायचं, पर त्याचा डाव धरायचा न्हाई. तर ह्यी पंधरा-इस शिकल्याली माणसं, कुणी मुख्याध्यापक, कुणी केंद्रप्रमुख, समद्यांनी माना हालवल्या, वा सर, वा, आन् सरकारी शर्यतीत कच्चा लिंबू मंजूर झाला. दिलावरबी राजी. समद्या पोरींच्या पाठीवर आकडं लावल्यालं, हिच्या पाठीवर कायच न्हाई. म्या म्हणलं, मंगल, चल घरी, असलं पळायचं न्हाई आपल्याला. तर ती माझी टोपी नीट करत म्हणती कशी,

"कच्चा लिंबू तर कच्चा लिंबू, आबा. रेघ पोरींचीच हाय ना?"

शिट्टी वाजली. पोरी पळाल्या आन् धा पावलांवर धुक्यानं समद्या गिळल्या. मग काय सांगू तुमास्नी… दिसायचं काय न्हाई, नुसती पावलं ऐकू यायची. वल्या गवतावर चुबुक चुबुक, चुबुक चुबुक, लांब जायची, डोंगराच्या अंगाला वळायची, पुन्यांदा जवळ यायची. म्या डोळं मिटलं. म्हणलं वळखावं आपल्या नातीचं पाऊल. तर न्हाई वळखाय आलं. समदी सारखीच. कुठलं पाऊल शाहीनचं, कुठलं मंगलचं, कुणाच्या पाठीवर आकडा हाय, कुणाच्या न्हाई, काय कळंना. शेजारी दिलावर उभा, त्योबी डोळं मिटून. मला वाटलं, ह्या पोरींनी अशाच पळत ऱ्हावं, भाईर येऊच नये, कुणी मोजूच नये त्यास्नी…

पर आल्या. धुकं फाटलं, आन् पैली कोण भाईर यावी? मंगल? न्हाई. शाहीन? न्हाई. काटकुळी, अनवाणी, परकराचा काचा मारल्याली साळू! गडाच्या मागल्या वाडीची पोर, रोज शाळंला डोंगर उतरायचा आन् रोज घरला डोंगर चढायचा. डोळा मिटून उघडंस्तवर ती रेघंच्या पल्याड जाऊन शेंगा खात बसली, तवा कुठं मागनं मंगल आली, आन् मंगलच्या मागं चार हातावर शाहीन.

मग बक्षिसं. साळूला पैलं. दुसरं म्हणून सरांनी पुकारलं, शाहीन दिलावर! शाहीन जागची हलंना. म्हणाली, सर, मी तिसरी आले. सर म्हणाले, अगं बाळ, दुसरी आली ती गणतीत नाही. तर ती पोर बापासमोर, येवढ्या लोकांसमोर सांगती,

"सर, मला पुढं तिची पाठ दिसत व्हती. गणतीत नसल्याल्या माणसाची पाठ दिसती का?"

सरांनी शिट्टी तोंडात घातली. वाजवली मातर न्हाई. कंपासपेटी व्हती बक्षिसाची, ती तशीच टेबलावर ऱ्हायली. आता पुढल्या साली काय, म्हणून म्या इचारलं, तर म्हणाले, आजोबा, वरनं काहीतरी येईल. आता वरनं धुक्याबिगर काय येतंय हितं? म्हंजी मंगलनं पळायचं कुठं, ह्ये काय सुटलं न्हाई.

परतताना दोघी त्याच पोत्यावर, एकीच्या खांद्यावर एक झोपल्याल्या. पार विंझर मागं गेलं. मग दिलावरनं काच पुसली, गाडी हळू केली आन् म्हणाला,

"काका, फुकट मंगलवर हरकत घेतली. घ्यायचीच व्हती तर साळूच्या त्या डोंगरावर घ्यायला पायजे व्हती."