अपील चालू असतानाचा पगार

तुम्हाला सांगते बायांनो, मला भांडुपच्या काढ्याच्या कारखान्यातून काढलं ते युनियनच्या पावत्या फाडते म्हणून. लेबर कोर्टात मी जिंकले. बाईला कामावर परत घ्या, असा निकाल लागला. कंपनी हायकोर्टात अपिलाला गेली. तिथे हुकूम झाला, अपील चालू आहे तोवर बाईला दरमहा पूर्ण पगार द्या.

पहिला पगार घ्यायला गेले, तर मॅनेजरने कागद आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अंगठा लावा, बाई."

मी कागद उचलला आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असा वाचला. 'कंपनी अपील जिंकल्यास सर्व रक्कम परत करीन.'

मॅनेजर चपापला. "तुम्हाला वाचता येतं?"

"तुमच्याच बाटल्यांना लेबलं चिकटवता चिकटवता शिकले." कोर्टाच्या हुकमात अशी अट नव्हतीच, म्हणून मी ती ओळ खोडली आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

"काम न करता पगार घ्यायला लाज नाही वाटत?"

"काम तुम्ही देत नाही, साहेब! मी डबा घेऊनच आलेय. बोला, कुठल्या टेबलावर बसू?"

त्याने पगार मोजून दिला. मग मी सरळ कँटीनमध्ये गेले आणि आमच्या पॅकिंगच्या बायकांमध्ये बसून, त्याच्या डोळ्यांदेखत जेवले.