मुकुंदराव कॅमेरा पारखतात

नाही, मी म्हणतो, एखादी वस्तू पारखून घेतो म्हटले, तर त्यात मुकुंदरावांचे चुकले कुठे? सांगा ना! त्यांच्याच दुकानात येणारी बाई साडीचा पदर उलटा करून पाहते, सुलटा करून पाहते, रस्त्यावर उजेडात नेते, आणि शेवटी ‘अक्काला विचारून येते’ म्हणून चालती होते. तिला कोणी हसत नाही. आणि चिकपेटेच्या बाजारात उभा जन्म कापड विकलेल्या गृहस्थाने, दुरुस्त करून नव्यासारखा केलेला एक जुना कॅमेरा घेण्यापूर्वी दोनदा विचार केला, तर सरस्वतीबाई, म्हणजे त्यांच्याच धर्मपत्नी, तोंडाला पदर लावतात! पण मुकुंदरावांचा निर्धार कायम. ‘पारखल्याशिवाय घेणार नाही!’

आता कॅमेरा हवा कशाला? तर तुम्हाला सांगतो, दुखणे जुने आहे. त्यांच्या लग्नाचा एकच फोटो. त्यात सरस्वतीबाई टक्क बघताहेत, आणि नवरदेवाचे डोळे... मिटलेले! फोटोवाल्याने घाईत बटण दाबले, आणि तेव्हापासून घरात किल्ली हरवो की दूध उतू जावो, सरस्वतीबाई भिंतीकडे बोट दाखवून म्हणतात, ‘मी काय बोलू? डोळे उघडे ठेवून लग्न मी एकटीनंच केलं!’ चाळीस वर्षे हो! आता साठीची शांत आली, त्यात नवरा-बायकोला पुन्हा मुंडावळ्या बांधून बसवतात, तेव्हा मुकुंदरावांनी ठरवले: या खेपेस दोघांचे डोळे उघडे असतील, आणि बटण परक्याच्या हाती जाणार नाही! म्हणजे कॅमेरा कसा हवा? कळ ओढून ठेवली की दहा सेकंदांनी आपल्या आपण फोटो काढणारा.

तसा एक होता. त्याच पेठेत भीमाचार्य जुने कॅमेरे उघडून, पुसून, झिजलेले भाग बदलून विकतात. वाचनालयातले छायाचित्रणाचे पुस्तक काखेत मारून मुकुंदराव तेथे पोहोचले. भिंगात बॅटरी मारून बुरशी शोधली, पाठ उघडून पडद्याची उघडझाप पाहिली, कानाशी धरून खटका ऐकला, वास घेतला... वास! कॅमेऱ्याचा!

भीमाचार्य आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, ‘मुकुंदराव अण्णा, हे काय फणस आहे?’

‘चामडे नवे की जुने, ते वासावरून समजते.’

‘तुमचं कापड मी कधी चाटून बघितलं का? स्वल्प भरवसा ठेवा. हवं तर शांतीला मी येतो, बटण दाबतो.’

‘बटण दुसऱ्याच्या हाती दिले, म्हणूनच ही वेळ आली!’

‘सरी अण्णा, सरी, तुमचंच खरं. घरी न्या, एक रोल काढा, पसंत पडला तर ठेवा.’

‘पारखल्याशिवाय...’

‘...घेणार नाही. कळलं. या आता.’

घरामागचे अंगण ते केवढे? मध्ये तुळशीचा कट्टा, पलीकडे बाक, बाकावर सरस्वतीबाई. पुस्तकात छापले आहे की सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा, म्हणून कॅमेरा अलीकडच्या कोपऱ्यात स्टुलावर. कळ ओढली. किर्रर्र... सुरू! आता सरळ जावे, बाकावर बसावे, डोळे उघडावेत, की झाले! पण सरळ गेले तर तुळस डाव्या हाताला येते! उलटी प्रदक्षिणा! मुकुंदराव, आणि उलटी प्रदक्षिणा? ते निघाले तुळस उजवीकडे ठेवून, भिंतीच्या कडेने, लांबचा वळसा घेऊन. आणि वळसा घेतला म्हणजे थांबून हात जोडणे आले, आणि हात जोडले तोच... खट्!

‘अहो, इकडून या की!’

‘तसे चालत नाही!’

‘मग बाक तरी हलवा!’

‘उजेड जातो!’

‘बसल्यावर जोडा हात!’

‘तुळशीसमोरून तसाच जाऊ? मी काय पोस्टमन आहे?’

पुन्हा कळ, पुन्हा किर्रर्र, पुन्हा धोतराचा सोगा सावरीत धाव, पुन्हा नमस्कार, पुन्हा खट्! सरस्वतीबाई हसून हसून बाकावरच आडव्या झाल्या आणि रोल संपला.

रोल धुऊन आला. काय सांगू! तुळशीची मंजिरी न् मंजिरी स्वच्छ, सरस्वतीबाई खुदखुदताहेत, शेजारची जागा रिकामी, आणि प्रत्येक फोटोच्या कडेला एक पाठमोरे धोतर. मुकुंदराव ताडताड भीमाचार्यांकडे गेले. ‘तुमचे यंत्र घाई करते!’ भीमाचार्यांनी घड्याळ समोर धरून कळ ओढली. दहा म्हणजे दहा! वर फोटो चाळत ते म्हणाले, ‘यंत्र ठीक आहे अण्णा. पण अक्का किती छान हसतात हो! मी तर कधी पाहिलं नव्हतं.’

मुकुंदरावांनी एक फोटो हाती घेतला. लग्नाच्या फोटोतली ती टक्क बघणारी, गंभीर मुलगी... आणि ही! बराच वेळ पाहिला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, रस्त्यावर उजेडात नेऊन पाहिला. आणि परत येऊन म्हणाले, ‘बांधून द्या. पारखला.’

शांतीच्या दिवशी मुंडावळ्या बांधून पुन्हा तोच कोपरा, तोच बाक, तीच तुळस, आणि अर्थातच... खट्! तो फोटो आज भिंतीवर आहे, लग्नाच्या फोटोशेजारी. सरस्वतीबाई मुंडावळ्यांत मनसोक्त हसताहेत. मुकुंदराव तुळशीपाशी, पाठमोरे. तो टांगला त्याच दिवशी सरस्वतीबाईंनी विचारले, ‘अहो, यात तरी डोळे उघडे आहेत ना?’

आता तुम्हीच सांगा, पाठीकडून डोळे कोणाला दिसणार आहेत? ‘हो’ म्हटले असते, तर चाळीस वर्षांचे दुखणे तिथेच संपले असते! पण मुकुंदराव पडले सरळ माणूस. त्यांनी फोटोकडे पाहिले, सरस्वतीबाईंकडे पाहिले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘नमस्कार करताना उघडे कोण ठेवतो?’