शिंगराचं औषध

सोलापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात शेळी धरून बसलेल्या रेश्माचे कान डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडं लागले होते. वरातीच्या घोडीचे मालक गुरुशांत आपलं तान्हं शिंगरू घोंगडीत गुंडाळून आले होते. सोबत बायको, सिद्धम्मा.

“परवा औषध दिलं, तरी ताप तसाच? पाजलंत ना?”

“पाजलं की. घोडीला,” गुरुशांत म्हणाले.

“घोडीला?”

“दुधातनं उतरतंय की मॅडम. आमची लेकरं अशीच बरी झाली.”

“अहो, दुधातून पुरेसं पोचत नाही. शिंगराचं वजन बघून दिलं होतं मी.”

“व्हय, म्हणून तर घोडीला दुप्पट पाजलं.”

“मग घोडी कशी आहे?”

“जुलाब लागलेत.”

“आता शिंगराला रोज इथं आणायचं. इंजेक्शन मीच देणार.”

सिद्धम्मा म्हणाली, “एक ह्यांनाबी टोचा मॅडम. माझं डोकं दुखायचं थांबतंय का बघू.”